बाबांना त्यांच्या आजोबांचे नाव मिळवून देणाऱ्या सुभेदार साहेबांस

आदरणीय सुभेदार साहेब,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र टपालाने आपल्या घरी पाठवता आले असते, पण आपण ते वाचून, घडी घालून कपाटात ठेवले असते आणि त्याविषयी कोणापाशी चकार शब्द काढला नसता, एवढा आपला स्वभाव आता मला ठाऊक झाला आहे. म्हणून ते उघडपणे लिहीत आहे. आपले नाव मात्र आपल्याच आग्रहाखातर घातलेले नाही.

माझे वडील सत्याहत्तर वर्षांचे आहेत आणि परवा-परवापर्यंत त्यांना स्वतःच्या आजोबांचे नाव माहीत नव्हते. आपल्याकडे लग्नाच्या बैठकीपासून पिंडदानापर्यंत जिथे तिथे मूळ गाव विचारले जाते, आणि आमच्या घरात त्या प्रश्नाला ‘कोकणातले’ एवढेच मोघम उत्तर होते. माझे आजोबा, म्हणजे बाबांचे वडील, १९४६ मध्ये पलटणीतून सुटून सोलापूरला आले, गिरणीत पहारेकरी झाले, तिथेच त्यांचे लग्न झाले आणि १९५३ मध्ये तापाचे निमित्त होऊन ते गेले. बाबा तेव्हा अवघे पाच वर्षांचे होते. आजी सोलापूरचीच. तिकडे आता कोणी उरले नाही, असे सांगून आजोबा विषय संपवीत, एवढेच तिला सांगता येई. त्यांच्या वडिलांचे नाव गिरणीच्या नोंदवहीत नव्हते. तिथे फक्त नाव आणि आडनाव. मागे उरल्या त्या दोन वस्तू: मधोमध हिरवा आणि दोन्हीकडे पांढरा-लाल पट्टा असलेल्या फितीचे, दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढलेल्यांना मिळणारे ‘इटली स्टार’ पदक, आणि एक पत्र्याची ट्रंक, जिच्या झाकणावर पांढऱ्या रंगाने पलटणीचा आणि आजोबांचा असे दोन्ही नंबर रंगवलेले होते.

ते नंबर घेऊन आम्ही आपल्याकडे येण्याआधी बरेच उंबरे झिजवले होते. कोणत्याही कार्यालयाचे नाव घेण्याची इच्छा नाही, पण एका ठिकाणी बाबांना व्हरांड्यात उभे ठेवून जे विचारले गेले ते अजून माझ्या कानांत आहे: ‘‘आता एवढ्या वर्षांनी तुम्हाला नक्की काय मिळवायचंय?’’ जणू आम्ही जमिनीवर किंवा एखाद्या सवलतीवर डोळा ठेवूनच आलो होतो. पेन्शन न मिळालेल्या सैनिकांची कागदपत्रे २५ वर्षांनी नष्ट करतात, हे त्या गृहस्थांनी सांगितले ते खरेच होते आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु एका वृद्ध माणसाला आपल्या आजोबांचे नाव हवे असू शकते, ही गोष्ट त्या टेबलापलीकडे कोणाच्या मनातच आली नाही. पहिल्या महायुद्धात लढलेल्या पंजाबच्या सुमारे ३,२०,००० सैनिकांच्या गावनिहाय याद्या लाहोरच्या संग्रहालयात सापडल्या आणि त्या आता संगणकावर येत आहेत, असे वाचल्यावर मला हेवा वाटला होता. आमच्या नशिबी तशी यादीही नव्हती आणि ते युद्धही नव्हते.

आपण मात्र पहिल्या भेटीत ‘कशासाठी’ असे विचारलेच नाही. ट्रंकेच्या झाकणाचा फोटो पाहिलात, आणि ‘‘म्हणजे जंगी पलटणीतले,’’ असे म्हणून बाबांना आतल्या खोलीतल्या आरामखुर्चीत बसवलेत. मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या पलटणीला जंगी पलटण म्हणतात, हे आमच्या घरात त्या दिवशी पहिल्यांदा उच्चारले गेले. इटलीतल्या सेनियो नदीवर ९ एप्रिल १९४५ रोजी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे नामदेव जाधव याच पलटणीचे, हे आपण सांगितल्यावर बाबा खुर्चीत थोडे ताठ बसले, तेही माझ्या नजरेतून सुटले नाही.

सैनिकाची फाइल नष्ट झाली तरी लाँग रोलमधली, म्हणजे भरती झालेल्यांच्या कायम जपलेल्या नोंदवहीतली, त्याची एक ओळ जपलेली असते, हे आम्हाला आपल्यामुळे कळले. त्या ओळीतून भरतीची तारीख आणि रत्नागिरी हा जिल्हा हाती आला. पण त्या काळचा रत्नागिरी जिल्हा म्हणजे मंडणगडापासून वेंगुर्ल्यापर्यंतचा सगळा मुलूख, कारण सिंधुदुर्ग वेगळा झाला तो १९८१ मध्ये. दुसरा कोणी असता तर इथे हात टेकून मोकळा झाला असता. आपण आयुष्यभर सैनिकी नोंदींच्या याच कामात असल्यामुळे आपल्याला ठाऊक होते की एका गावची पोरे भरतीला जोडीने जात आणि त्यांना लागोपाठचे नंबर मिळत. आणि जे परत आले त्यांचे गाव कागदावर शोधणे अवघड असले, तरी जे परत आले नाहीत त्यांचे गाव पुष्कळदा राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या (कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या) नोंदींत बापाच्या नावासकट लिहिलेले असते. मग आपण इटलीतल्या स्मारकांच्या याद्या घेऊन बसलात. कासिनो, फोर्ली, सांग्रो. एकेका नावापुढचा नंबर आजोबांच्या नंबराशी ताडून पाहिलात. हे सगळे आपण किती रात्री जागून केलेत ते वहिनींनी नंतर मला स्वयंपाकघरात सांगितले. आपण स्वतः त्याविषयी अवाक्षर काढले नाही.

सांग्रो नदीकाठच्या युद्धस्मशानभूमीत, ज्यांचे दहन झाले अशा पाचशेहून अधिक हिंदी सैनिकांचे एक स्मारक आहे. त्यावर आमच्या आडनावाचा एक शिपाई निघाला, १९४३ च्या नोव्हेंबरात पडलेला. त्याचा नंबर आजोबांच्या नंबराच्या बरोबर आधीचा होता. पुढे वडिलांचे नाव, गाव, तालुका खेड, जिल्हा रत्नागिरी. आपण तेवढ्यावर न थांबता त्या पंचक्रोशीतल्या एका माजी सैनिकाला फोन करून घरापर्यंत माणूस धाडलात, आणि थोरला लढाईत गेला व धाकटा आलाच नाही, असे दोन भाऊ त्या घराच्या आठवणीत अजून आहेत, अशी खात्री करून घेतल्यावरच आम्हाला बोलावलेत.

खरे तर हे पत्र मला लिहायचे होते ते यानंतरच्या गोष्टीसाठी. पहिल्या भेटीत चहा आला तेव्हा बाबांचा हात बशीच्या शेजारी पडला होता आणि आपण बोलता बोलता बशी त्यांच्या बोटांखाली सरकवली होती. त्यांची नजर अधू झाल्याचे मी आपल्याला सांगितले नव्हते, तेही सहसा कबूल करत नाहीत. दुसऱ्या भेटीत छापील कागद आपण माझ्या हाती दिलेत, आणि मग कपाटावरून गुंडाळी केलेले जुन्या कॅलेंडरचे एक पान काढून बाबांसमोर उलगडलेत. त्याच्या कोऱ्या पाठीवर काळ्या मार्करने, बोटभर उंचीच्या अक्षरांत, सगळ्यात वर माझ्या पणजोबांचे नाव होते, खाली गाव आणि तालुका, आणि त्याखाली दोघां भावांची नावे, थोरला आधी, धाकटा नंतर. शिरोरेषा पट्टी धरून आखल्या होत्या. बाबांनी ते पान नाकाजवळ नेले. वाचून दाखवण्यासाठी मी पुढे सरकले, तेव्हा आपण मान हलवून मला थांबवलेत. उभा जन्म पोरांना मुळाक्षरे गिरवायला लावणाऱ्या त्या प्राथमिक शिक्षकाने एकेक अक्षर लावत आपल्या आजोबांचे नाव स्वतः वाचले, पुन्हा वाचले, आणि तिसऱ्यांदा मोठ्याने वाचले. ते त्यांना दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकावे लागले नाही. यासाठी आपले आभार कसे मानावेत ते मला अजून समजलेले नाही.

‘‘मग ते घरी का गेले नाहीत?’’ असे बाबांनी विचारले, तेव्हा भावाच्या मृत्यूची गोष्ट रंगवून सांगणे आपल्याला सहज शक्य होते, आणि आम्ही ती डोळे पुसत मान्यही केली असती. आपण म्हणालात, ‘‘ते कागदात नसतं, गुरुजी.’’ त्या एका वाक्याने माझ्या मनातला आपल्याविषयीचा आदर दुणावला.

‘हल्ली एवढं कोण करतं’ असे आमच्या नात्यातले सगळे म्हणत आहेत. मला ते पटत नाही. करणारे असतात, आणि बहुधा आपले काम मुळापासून माहीत असलेली माणसेच ते करतात, कारण एक वाट बंद झाली की दुसरी कुठून निघते हे त्यांना ठाऊक असते. त्या व्हरांड्यातल्या गृहस्थांना जो नियम माहीत होता तोच आपल्यालाही माहीत होता. त्यांनी तो सांगून फाइल मिटली. आपण तो सांगितलात आणि चष्मा पुसून कामाला लागलात. त्यांना वाईट माणूस म्हणण्याचे मला काही कारण नाही. फक्त एक खुर्ची त्यांनी द्यायला हवी होती.

आपण झेरॉक्सचे पैसेही घेतले नाहीत, त्यामुळे आता हक्काने लिहिते. शिमग्याला गावची पालखी घरोघर येते आणि आमच्या घराचा मान अजून राखून ठेवला आहे, असा चुलत घराकडून निरोप आला आहे. बाबांना घेऊन आम्ही सगळे जाणार आहोत. आपण आणि वहिनींनी आमच्याबरोबर यायचे आहे. गाडी आपल्या दारात येईल, खेडला मुक्कामाची सोय झाली आहे, आणि गुडघ्याची सबब ऐकून घेतली जाणार नाही, हे शेवटचे वाक्य बाबांनी मुद्दाम घालायला सांगितले आहे.

आपली नम्र,
जंगी पलटणीतल्या एका शिपायाची नात
सोलापूर