जानेवारीपासून नॉर्वे हाउसला

ती. आई-बाबांना सा. न.

फोनवर आई रडायला लागली की माझं बोलणं खुंटतं, म्हणून लिहितेय. विनिपेगची नोकरी सोडली. जानेवारीपासून कॅनडातच, पण मॅनिटोबा प्रांताच्या उत्तर भागात, नॉर्वे हाउस या क्री आदिवासींच्या गावात, लहान मुलांची फिजिओथेरपी करायची. सह्या झाल्यात. पगार थोडा जास्तच आहे, राहायला घर देताहेत, हीटर प्रत्येक खोलीत. गावात हॉस्पिटल आहे, विमान उतरतं. रविवारचा व्हिडिओ कॉल चुकणार नाही. तूरडाळ, गोडा मसाला इथूनच भरून नेतेय. आई, कुकरची रिंगसुद्धा जादाची घेतलीय गं.

"मुळात लांब, त्यात आणखी लांब कशाला?" हेच ना?

हिवाळाभर वाचत होते. आई, तू इथल्या नळाच्या पाण्याचं किती कौतुक केलंस! ते शोल लेकमधून 1919 पासून येतं. त्यासाठी ज्यांची जमीन घेतली, गाव तोडून बेटासारखं केलं, त्या शोल लेक 40 नावाच्या आदिवासी वस्तीला 1997 ते 2021 पाणी उकळूनच प्या, अशी सूचना होती. तिथून निवासी शाळांकडे वळले. दीड लाखाच्या आसपास आदिवासी मुलं घरून नेऊन तिथे ठेवलेली, स्वतःची भाषा बोललं तर शिक्षा. क्षयाने मुलं मरताहेत हे सरकारचेच डॉक्टर पीटर ब्राइस यांनी 1907 सालीच लिहून दिलं होतं. तरी 1920 साली शाळा सक्तीची केली.

आणि मग जॉर्डन रिव्हर अँडरसन. नॉर्वे हाउसच्या आई-बापांचं मूल, जन्म 1999, विनिपेगच्या हॉस्पिटलात. दोन वर्षांचा झाल्यावर डॉक्टर म्हणाले, आता घरात ठेवता येईल. पण खर्च केंद्राने करायचा की प्रांताने, यावर कागद फिरत राहिले. 2005 साली, पाच वर्षांचा असताना, तो हॉस्पिटलातच वारला. घरात एक रात्र झोपला नाही. 2007 साली संसदेने एकमताने ठरवलं: आधी मुलाला सेवा, बिलाचं मागून बघा. ती सेवा देणारी माणसं कमी पडतात, बाबा. मी कोणाचा उद्धार करायला चालले नाहीये. इथे करते तेच काम तिथे.

रागावू नका, पण वाचताना मोखाडा सारखा आठवायचा. तुमच्या आश्रमशाळेत कोणी पोरं ओढून आणली नव्हती. सोमवारी रडणाऱ्याला तुम्ही कडेवर घेऊन वर्गात फिरायचात, मला हेवा वाटायचा. पण वारलीत उत्तर दिलं म्हणून बाकावर उभी राहिलेली पोरंही मी पाहिलीत. तुमच्या वर्गात नाही, शेजारच्या. त्यावर तुमच्याशी एकदा निवांत बोलायचंय, भांडायला नव्हे. तुमच्या जुन्या डायऱ्या रद्दीत घालू नका, काकांनी कितीही सांगितलं तरी.

थंडी तिथे उणे तीसच्याही खाली जाते, पण आईने विणलेली ती भयानक टोपी आहे ना.

बाबा, खुर्चीत बसून पाय सरळ करायचा व्यायाम रोज, दोन्ही पायांचा. जिना उतरताना कठडा सोडायचा नाही. आई, थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, चहानंतर नाही, आणि पापडाची बरणी आता वरच्या फळीवर ठेव. मे महिन्यात येतेय, तिकीट काढतेच. तोवर सुमामावशीला काही बोलू नका, अख्ख्या डोंबिवलीला कळेल.

तुमची,
चिमी