वाटी कोण सरकवतं?

संपादक महोदय,
प्लँचेटवर आत्मे येतात का, हा वाद आमच्या घरी परत सुरू झालाय म्हणून लिहितोय. हॉस्टेलला असताना आम्हीपण केलंय, कॅरम बोर्डावर खडूने एबीसीडी, मधे पालथी वाटी आणि तिघांची बोटं, आणि वाटी खरंच सरकते हो, आपण ढकलत नाहीये असं शपथेवर सांगू शकतो! मित्राची आजी आली म्हणे आणि चक्क इंग्रजी स्पेलिंगमधे उत्तरं द्यायला लागली, आता ती बाई जन्मभर अंगठेबहाद्दर. मग एकाने सगळ्यांचे डोळे रुमालाने बांधले आणि गुपचूप बोर्ड फिरवला, झालं, नुसती अक्षरांची खिचडी.

फॅरेडे या इंग्रज शास्त्रज्ञाने 1853 मधेच हे तपासलं होतं, तेव्हा टेबलावर हात ठेवून आत्म्यांकडून ते फिरवून घ्यायचं फॅड होतं. त्याने हाताखाली पुठ्ठ्याचे थर मऊ चिकट मसाल्याने जोडून ठेवले, तर वरचा थर टेबलाच्या आधी सरकलेला दिसला, म्हणजे ढकलणारे हातच, फक्त त्यांच्या मालकांना पत्ता नाही. त्यानेही हे लंडनच्या ‘टाइम्स’ला पत्र लिहूनच कळवलं होतं बरं का! तरी 1891 ला अमेरिकेत वीजा बोर्डाचं, म्हणजे प्लँचेटच्या अक्षरं छापलेल्या तयार बोर्डाचं, पेटंट निघालंच.

आमची ही मात्र अजून म्हणते, वाटीला उदबत्ती दाखवली नव्हती तुम्ही.

– एक वाचक, पुणे