न फेकलेल्या सहा बीकरांबद्दल आभार

आदरणीय मामा,

शिरसाष्टांग नमस्कार.

शेवग्याच्या बियांमधील पाणी निवळणाऱ्या प्रथिनांवरचा माझा प्रबंध मान्य झाला, हे तुम्हाला फोनवर कळवले तेव्हा तुम्ही ‘पेढे पाठवा’ एवढेच म्हणालात. पेढे पोहोचले असतील. पण त्या प्रबंधाच्या ऋणनिर्देशात मार्गदर्शकांचे, विभागप्रमुखांचे, सोबतच्या संशोधकांचे नाव घेऊन आभार आहेत आणि प्रयोगशाळेचे काम सांभाळणाऱ्या तुमच्या वाट्याला ‘प्रयोगशाळेतील सर्व कर्मचारी’ हे तीन शब्दही इतरांबरोबर वाटून आले आहेत. ही चूक माझी आहे. छापलेले पान आता बदलता येत नाही, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे. ज्या चौथ्या प्रकरणाचे परीक्षकांनी सर्वाधिक कौतुक केले ते कोणाच्या नाकामुळे आणि कोणाच्या सावधपणामुळे उभे राहिले, हे जीवरसायनशास्त्राच्या पुढच्या विद्यार्थ्यांनाही कळायला हवे.

वाचणाऱ्यांसाठी आधी थोडे विषयाबद्दल सांगते. पावसाळ्यात ओढ्याचे पाणी तासन्‌तास ठेवूनही निवळत नाही, कारण त्यातील चिकणमातीच्या बारीक कणांवर ऋण विद्युतभार असतो, ते एकमेकांना दूर ढकलत राहतात आणि त्यामुळे तळाशी बसत नाहीत. हंड्यात तुरटीचा खडा फिरवला की त्यातील ॲल्युमिनियम हा भार निष्प्रभ करते, कण एकत्र येतात, त्यांचे पुंजके होतात आणि स्वतःच्या वजनाने खाली बसतात. शेवग्याच्या बीमध्ये हेच काम करणारी लहान, धनभारित प्रथिने असतात. नाईलच्या काठी सुदानी स्त्रिया गढूळ पाण्यासाठी बियांची पूड वापरत असत. समिया अल अझहारिया जान या संशोधिकेने ती पद्धत काळजीपूर्वक नोंदवून प्रयोगशाळेत आणली. पुढे १९९५ मध्ये यांतील एका प्रथिनाची संपूर्ण रचना प्रसिद्ध झाली, आणि ते अवघ्या ६० अमिनो आम्लांचे आहे असे दिसून आले. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत पाणी निवळणाऱ्या सात वस्तूंमध्ये कतक, म्हणजे निवळीचे बी, पहिल्या क्रमांकाने येते. तेव्हा बियांनी पाणी निवळणे ही आपल्यालाही अनोळखी गोष्ट नाही.

माझे बी मात्र तुमच्या दारातल्या झाडाचे होते. बाजारात भाजीच्या हिरव्या शेंगा मिळतात, पण झाडावरच तपकिरी होऊन वाळलेल्या शेंगा हव्यात असे मी सांगितले, तेव्हा मामींनी दोन फांद्यांवरच्या शेंगा वैशाखापर्यंत तोडू दिल्या नाहीत. तीन पंखांच्या त्या बिया तुम्ही ज्वारीच्या जुन्या पिशवीतून आणल्यात आणि टरफल काढताना कुबट, काळपट निघालेली प्रत्येक बी वेगळी ठेवलीत. खलबत्त्यात गर कुटताना तुम्ही म्हणालात, “ताई, ह्याचा वास फेसलेल्या मोहरीसारखा नाकात जातो.” तो अंदाज शास्त्राला धरून होता. मोहरीप्रमाणेच शेवग्याच्या बीमध्येही ग्लुकोसिनोलेट वर्गातील संयुगे असतात. बी कुटून पाण्याशी संपर्क आला की मायरोसिनेज नावाचे विकर त्यांच्यावर काम करते आणि आयसोथायोसायनेट तयार होते, जे जिवाणूंना मारक ठरते. हे वाक्य मी नंतर प्रबंधात बरेच जड शब्द वापरून लिहिले.

आता त्या सोमवारविषयी. जार टेस्टच्या, म्हणजे पाणी निवळायला किती मात्रा लागते हे पाहण्याच्या, यंत्राला ढवळणारी सहा पाती आणि त्यांखाली एक-एक लिटरचे सहा बीकर. शुक्रवारी संध्याकाळी पहिल्या बीकरमध्ये केवळ गढूळ पाणी होते आणि पुढच्या पाचांमध्ये बियांच्या अर्काची मात्रा चढत्या क्रमाने घातली होती. आधी जोरात, मग सावकाश ढवळून तासभर स्थिर ठेवल्यावर शेवटच्या तीन बीकरांतले पाणी इतके नितळ झाले की मागच्या भिंतीवरच्या कॅलेंडरच्या तारखा त्यातून वाचता आल्या. गढूळपणाचा आकडा पाच एनटीयूच्या (गढूळपणा मोजण्याचे एकक) खाली आला. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात एक एनटीयूपर्यंत हवा आणि दुसरा स्रोत नसेल तर पाचपर्यंत चालतो. मी वहीत ‘यशस्वी’ असे लिहून खाली दोन रेघा ओढल्या आणि गावाची एसटी गाठायला धावले. बीकर धुवावेत की ठेवावेत, याची चिठ्ठी लिहायची राहिली.

दुसरे कोणी असते तर शनिवारी सकाळी ओतून, धुऊन, रॅकवर उपडे करून ठेवले असते आणि त्यात कोणाचीही चूक नसती. तुम्ही मात्र ‘सांगितल्याशिवाय कोणाचा प्रयोग मोडायचा नाही’ हा तुमचा नियम पाळलात. सोमवारी मी आत येताच तुम्ही मला ओट्यापाशी नेलेत आणि म्हणालात, “ताई, हे गढूळ आहे त्याला वास नाही, आणि जे काचेसारखं दिसतंय त्याला नाक धरावं लागतंय.” तुम्ही तिथेच थांबला नव्हतात. सहाही बीकर एकेक करून हुंगले होते, आणि मात्रा वाढत जाते तसा वासही वाढतो, हे खडूने ओट्यावर एक ते सहा आकडे लिहून दाखवलेत. कोणत्याही संशोधकाने अभिमानाने मांडावे असे ते निरीक्षण होते.

बियांच्या गरातील फार थोडा भाग माती खाली बसवण्याचे काम करतो. बाकीची प्रथिने, शर्करा आणि काही तेल पाण्यातच राहते आणि उरलेल्या जिवाणूंना आयते खाद्य मिळते. पूड घातल्यावर पहिल्या काही तासांत जिवाणूंची संख्या बरीच उतरते, कारण पुष्कळसे मातीबरोबर तळाशी जातात. पण दिवस उलटला की तेच पाणी पुन्हा बिघडू लागते. हे मी वाचलेले होते, टिपून घेतलेले होते, आणि तरीही माझ्या डोळ्यांसमोरच्या बीकरमध्ये ते घडेल हे माझ्या मनात आले नव्हते. नितळ पाणी पाहिल्यावर प्रश्न विचारायचे मी थांबवले होते. त्या सोमवारनंतर प्रत्येक नमुना शून्य, चोवीस आणि अठ्ठेचाळीस तासांनी तपासायचा, असे आपण ठरवले आणि तेच माझे चौथे प्रकरण झाले.

काचसामानाबद्दलही लिहायलाच हवे. ब्रॅडफर्डच्या पद्धतीने प्रथिन मोजताना तपकिरी रंगद्रव्य प्रथिनाला चिकटून निळे होते, पण साबणाचा अंश राहिला तर प्रथिन नसतानाही निळी झाक येते. तुम्ही रजेवर होतात त्या आठवड्यात माझ्या कोऱ्या, म्हणजे प्रथिन न घातलेल्या, नळ्याच निळसर येत होत्या आणि मी तीन दिवस रंगद्रव्याला दोष देत राहिले. तुम्ही परत आलात, नळ्या तीनदा नळाच्या आणि दोनदा ऊर्ध्वपातित पाण्याने खळखळून काढल्यात, आणि दुपारपर्यंत कोऱ्या नळ्या पुन्हा तपकिरी झाल्या. नळी उजेडात तिरकी धरून तिच्या आतल्या बाजूला पाण्याचा थेंब अडतो की सलग पातळ थर होऊन घसरतो, हे पाहायला तुम्ही मला शिकवलेत. मी आजही तशीच पाहते.

वासावर उपाय दोन होते. एक म्हणजे प्रथिन शुद्ध करून घेणे, पण त्याला लागणारी रसायने आणि प्रथिने वेगळी करणारे स्तंभ गावातल्या घरात कोण नेणार? दुसरा मार्ग पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवलेला: वाळूच्या कणांवर ऋणभार असतो, म्हणून धनभारित प्रथिन वाळूला घट्ट चिकटते, मग वाळू धुतली की नको असलेले सारे निघून जाते आणि कामाचे प्रथिन तेवढे मागे राहते. हा प्रयोग करताना माझ्या वाळूतून सुरुवातीला सतत गाळ निघत होता. तुम्ही ती दोन चाळण्यांतून काढलीत, बादलीत हात घालून, पाणी बदलत बदलत इतक्या वेळा धुतलीत की शेवटच्या धुणाचे पाणी आणि नळाचे पाणी ओळखू येईना. त्या वाळूतून गाळलेले पाणी तिसऱ्या दिवशी तुम्ही स्वतः हुंगलेत, मान हलवलीत आणि बीकर परत झाकून ठेवलात. यंत्रावरचे आकडे मी त्यानंतर घेतले.

त्याच सुमारास तुम्ही विचारले होते, “मग वाडीतल्या बायकांना सांगू का, बी कुटून घाला म्हणून?” मी तेव्हा अडखळत काहीतरी बोलले, आज नीट उत्तर देते. शेवग्याची पूड गढूळपणा कमी करते, पण पाणी निर्जंतुक झाल्याची हमी देत नाही आणि पाण्यात विरघळलेल्या फ्लोराइड, नायट्रेट यांच्यासाठी तिच्यावर विसंबता येत नाही. पूड घालून निवळलेले वरचे पाणी गाळून त्याच दिवशी उकळून वापरावे, साठवू नये. ग्रामपंचायतीची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकायची असेल, तरी पाण्यात उरलेले सेंद्रिय द्रव्य क्लोरीन खाऊन टाकते, म्हणून पुरेसा क्लोरीन उरला आहे का, हे तपासावेच लागते. एक बी कुटली की पाणी शुद्ध झाले, असे मोबाइलवर फिरणारे व्हिडिओ पाहिले की मला त्या सहाव्या बीकरची आठवण येते आणि मनापासून काळजी वाटते, कारण लहान मुलाला जुलाब लागल्यावर ते पाणी किती नितळ दिसत होते याला काही अर्थ उरत नाही.

मृगाच्या आधी मी मावळात तुमच्याकडे येत आहे. सोबत एच-टू-एस (हायड्रोजन सल्फाइड) चाचणीच्या वीस बाटल्या आणते. १९८२ साली आपल्याच देशातील संशोधकांनी मांडलेली ही साधी चाचणी आहे, बाटलीत पाणी भरून ठेवायचे आणि एक-दोन दिवसांत ते काळे पडले तर त्यात विष्ठेतून आलेले जिवाणू असण्याची शक्यता मोठी. वाडीतल्या विहिरीचे, ओढ्याचे आणि घरोघरच्या हंड्यांतले पाणी आपण दोघे मिळून तपासू. बाटल्यांवर क्रमांक तुम्हीच घालावेत. या वर्षीच्या वाळक्या शेंगा मामींनी राखून ठेवल्या असतील तर त्याही घेईन; त्यांना माझा नमस्कार सांगावा.

आपली कृतज्ञ,
तुमच्या प्रयोगशाळेतील विद्यार्थिनी