शुभे, आधी ऊन बघ मग रोपं आण

प्रिय शुभे,

तुझा परवाचा व्हॉइस मेसेज तीनदा ऐकला आणि तिन्ही वेळा हसले, रागावू नकोस. सात कुंड्या आणल्यास, सातही फुलांनी भरलेल्या, पंधरा दिवसांत फुलं गळली, पानं पिवळी पडली आणि आता म्हणतेस माझ्या हाताला गुणच नाही. हात काय करणार गं, तू गुलाब ठेवलायस उत्तरेच्या गॅलरीत! नर्सरीवाल्याने विचारलं का तुला, ताई ऊन किती येतं म्हणून? तो कशाला विचारेल म्हणा, त्याला कुंडी खपवायचीय.

आता एक कर. येत्या रविवारी सकाळी आठला, बाराला आणि चारला दोन्ही गॅलरीत जा आणि ऊन जिथवर आलंय तिथं खडूने रेघ मार. गुलाब, जास्वंद, मोगरा यांना रोजचं निदान पाच-सहा तास थेट ऊन लागतं, नुसता उजेड चालत नाही. आणि हे वर्षभर सारखं राहत नाही बरं का. मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात कधीतरी सूर्य आपल्या सांगलीच्या बरोबर डोक्यावर येतो आणि मग जुलै संपेपर्यंत दुपारचा उत्तरेच्या बाजूला असतो, म्हणजे तुझी ती सावलीची गॅलरी मे महिन्यात ऐन उन्हात येते. मला हे माहीतच नव्हतं, सावली आहे म्हणून पीस लिली तिथं ठेवली आणि माहेरी आठ दिवस राहून आले तर पानं भाजलेल्या पापडासारखी. तेव्हा उत्तरेला पीस लिली, अँथुरियम खुशाल ठेव पण मे महिन्यात आत घे नाहीतर हिरवी नेट बांध. हिवाळ्यात उलटं, दक्षिणेच्या गॅलरीत ऊन पार घरात येतं, शेवंती, पिटुनिया, झेंडू सगळं तिकडे.

शेवंतीवरून आठवलं, हे तुला सांगायचंच राहिलं. गेल्या वर्षी सप्टेंबरमध्ये चार रोपं आणली, पिवळी, दोन पांढरी आणि एक ती विटकरी रंगाची. एवढी माजली की बघत राहावं, पण कळी म्हणून नाही. शेजारच्या काकूंच्या कुंडीत दिवाळीपासून फुलं, आणि रोपं एकाच नर्सरीतली! मी खत घातलं, पाणी कमी केलं, देवापुढची फुलं सुद्धा काकूंकडून मागून आणली, काय लाज वाटायची. शेवटी काकूच म्हणाल्या, अगं तुझ्या जिन्यातला लाइट रात्रभर चालू असतो की. खरंच, कुंड्या बरोबर त्या ट्यूबखाली होत्या. शेवंती रात्र मोठी झाली की कळी धरते आणि तिला ती रात्र सलग अंधाराची लागते, मध्ये उजेड पडला की ती समजते अजून उन्हाळाच चाललाय आणि नुसती पानं काढत बसते. कुंड्या उचलून मागच्या मोरीपाशी नेल्या, महिन्याभरात कळ्या आल्या. तुझ्या दक्षिणेच्या गॅलरीसमोर रस्त्यावरचा दिवा आहे ना? मग शेवंती कोपऱ्यात, भिंतीच्या आडोशाला.

मातीचं थोडक्यात सांगते. शेतातली काळी माती कुंडीत नुसती भरू नकोस, पाणी धरून बसते, मुळं गुदमरतात आणि वाळली की दगड. थोडी काळी, थोडी लाल, भरपूर शेणखत, मूठभर निंबोळी पेंड आणि खाली विटेचे तुकडे. नर्सरीची पिशवी काढताना हुंडी, म्हणजे मुळांभोवतीचा मातीचा गोळा, फोडू नकोस, पण मुळं गोल गोल गुंडाळलेली दिसली तर बोटांनी जरा सैल कर.

अनंताच्या रोपाचा हट्ट मात्र सोड. मी दोन मारले. वास किती सुंदर, पण आमचं बोअरचं पाणी जड, कुंडीच्या काठाला पांढरा थर धरतो, आणि अनंताची पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. तासगावच्या मामांनी लांबूनच बघून सांगितलं, लोह मिळेना झालंय, द्राक्षाला पण असंच होतं चुनखडीच्या रानात. हिराकस, म्हणजे लोहाचंच क्षार, शेणखतात मुरवून घाल म्हणाले, घातलं, थोडा फरक पडला पण मग उन्हाळ्यात गेलाच. तुमच्याकडे नळाचं कृष्णेचं पाणी असेल तर तुझं नशीब वेगळं.

त्यापेक्षा मोगरा घे, आपल्या हवेला तोच खरा. डिसेंबरअखेर पाणी तोडायचं, पानं ओरबाडून काढायची, फांद्या छाटायच्या, बघवत नाही पण करायचं. फेब्रुवारीत शेणखत आणि पाणी सुरू केलं की मार्चपासून रोज ओंजळभर. बोगनवेलीचं पण तसंच, लाड केले की नुसती वाढते, तहानलेली राहिली की फुलते. तिचा तो रंग फुलाचा नाहीच, ती रंगीत पानं, खरं फूल आत पांढरं एवढंसं असतं. तुझ्या लेकीला दाखव, तिला मजा वाटेल.

जास्वंदीच्या कळ्या गळतात म्हणालीस तर देठापाशी बघ, कापसासारखं पांढरं असेल तर पिठ्या ढेकूण. जुन्या ब्रशने पुसून काढ आणि निमतेल पाच मिली लिटरभर पाण्यात, दोन थेंब भांड्याचा साबण घालून संध्याकाळी मार. भर उन्हात नको.

रविवारनंतर ये. दोन हजार एकोणीसच्या पुरात अंगणातलं सगळं गेल्यापासून माझ्या कुंड्या गच्चीवर आहेत, गुडघे दुखतात पण चढते. मोगऱ्याच्या दोन फांद्या लावून ठेवल्यात तुझ्यासाठी. येताना श्रीखंडाचे रिकामे डबे आण, तळाला भोकं पाडून.

तुझी,
मंदा

ता. क. जिन्यातला लाइट ह्यांनी आत्ता परत चालू ठेवलाय. बंद करून येते.