बॅटरीच्या अपडेटमागचे कारण फोनधारकाला कळले पाहिजे

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

फोनची बॅटरी तापून धोका संभवतो असे लक्षात आले, की फोन परत मागवण्याऐवजी अपडेट पाठवून बॅटरीची क्षमता कमी करण्याची पद्धत अलीकडे रूढ होत आहे. जुलै 2025 मध्ये गूगलने पिक्सेल 6ए या फोनसाठी असेच सक्तीचे अपडेट काढले, ज्यामुळे 400 चार्जिंग-चक्रे (पूर्ण बॅटरीभर वापर आणि पुन्हा चार्जिंग म्हणजे एक चक्र) पूर्ण झालेल्या काही बॅटऱ्यांची क्षमता आणि चार्जिंगचा वेग घटतो. बॅटरी मोफत बदलून देण्याची तयारीही कंपनीने दाखवली, हे योग्यच झाले. पण संकेतस्थळावर आयएमईआय क्रमांक (प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक) भरून आपला फोन त्यात बसतो का, हे ज्याला पाहता येत नाही त्याने काय करावे?

येथे रामबागेत आमच्या शेजारच्या काकूंच्या फोनवर, तो दुसऱ्या कंपनीचा आहे, अशाच अपडेटचा इंग्रजी संदेश आला. त्यांनी खालचे बटण दाबले आणि सकाळी पूर्ण भरलेली बॅटरी दुपारच्या जेवणाआधीच उतरू लागली. फोन जुना झाला, एवढेच त्यांना वाटले. पुढे जेल रोडवरच्या दुकानदाराने मागचे झाकण एका कडेने उचलले गेल्याचे दाखवले. आतल्या बॅटरीचा फुगवटा बोटाला सहज लागत होता. ती बॅटरी त्या रोज रात्री उशाशी ठेवून चार्ज करीत होत्या. अपडेटने जोखीम कमी होत असेलही, परंतु आत साचलेला वायू आणि झालेली झीज त्याने नाहीशी होत नाही, शिवाय मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशी ओलांडतो.

सॅमसंगने 2016 मध्ये नोट 7 हे सुमारे 25 लाख फोन परत मागवले आणि जानेवारी 2017 मध्ये बॅटरीतील दोष जाहीरपणे सांगितले. म्हणजे कारण सांगणे कंपन्यांना अशक्य नाही.

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार पुरेसा इशारा न दिल्यामुळे झालेल्या हानीस उत्पादक जबाबदार ठरू शकतो, आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला धोकादायक वस्तू परत मागवण्याचा आदेश देता येतो. सुरक्षेसाठी बॅटरीची क्षमता उतरवणारे प्रत्येक अपडेट प्राधिकरणाने माल परत मागवण्यासारखेच मानावे, त्याचे कारण फोनधारकाच्या भाषेत त्याच संदेशात देणे बंधनकारक करावे आणि बॅटरी त्याच्याच शहरात विनामूल्य बदलून मिळेल अशी व्यवस्था करायला लावावी. फुगलेली बॅटरी विमानाने पाठवण्यास मनाई असल्यामुळे ‘फोन कुरिअरने पाठवा’ हे उत्तर इंदूरच्या ग्राहकाला पुरेसे नाही.

तोवर ज्यांच्या फोनचे झाकण उचलले गेले असेल त्यांनी तो चार्जिंगला लावू नये, आणि कंपनीने दाद न दिल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

आपला,
एक वाचक, रामबाग, इंदूर