मृगापर्यंत गच्ची बंद

ती. बाबा आणि आई यांना,

साष्टांग नमस्कार.

बाबा, गच्चीच्या कुलपाची किल्ली शोधू नका. ती माझ्याकडे आहे आणि मी ठाण्याला पोचलेय. दुसरी किल्ली शेजारच्या काकूंकडे ठेवली आहे. टाकीचं काही काम निघालं तर त्या दूधवाल्याच्या मुलाला देतील, तुम्हाला देणार नाहीत. रागवायचं असेल तर मला फोन करून रागवा, आईवर नको. तिला यातलं काही माहीत नव्हतं. तुम्ही रक्त तपासायला गेला होता तेव्हा मी कुंड्या उतरवायला घेतल्या, आणि तुम्ही रिक्षातून उतरलात तेव्हा तुमचा चेहरा पाहून पुढचं काही सांगायचा धीर झाला नाही. म्हणून हे पत्र.

समोर बसून बोललं की तुम्ही "हो हो, बघू" म्हणता आणि माझी पाठ फिरली की दुपारी दोनला झारी घेऊन वर जाता. जिन्यात जे झालं त्याबद्दल मी पुन्हा काही लिहीत नाही. फक्त डॉक्टर म्हणाले ते लिहून ठेवते, कारण त्या वेळी तुमचं लक्ष खिडकीबाहेरच्या कडुनिंबाकडे होतं. तुमच्या रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध आहे. त्याने अंगातलं पाणी जातं आणि मीठही जातं. बाकी ठिकाणी ते भरून निघतं, अकोल्याच्या मे महिन्यात निघत नाही. गोळी स्वतःहून बंद करायची नाही. बंद करायचं ते ऊन. २०२४ च्या मेमध्ये पारा ४५ च्या वर गेला तेव्हा जिल्हाधिकाऱ्यांनी उन्हासाठी १४४ कलम लावलं होतं, कामावरच्या माणसांना सावली आणि पाणी द्या असा आदेश निघाला होता. पेपरातली ती बातमी तुम्हीच मला फोनवर वाचून दाखवली होती. आपल्या घरातल्या माणसाला तो आदेश नको का?

आणि खरं सांगू, त्या झाडांनाही गच्ची नकोच होती. तुमची झाडं आगरातली. सुपारीखाली, नारळाखाली, पाटाच्या कडेला वाढणारी. वेंगुर्ल्यात उन्हाळ्यात घामाच्या धारा लागतात, पण हवेत ओल असते, ७० टक्क्यांच्या आसपास दमटपणा असतो. आपल्याकडे मेमधल्या दुपारी तो २० च्याही खाली जातो. पान जेवढं पाणी हवेला देतं तेवढं मुळांना वर पोचवताच येत नाही, मग कडा करपतात. तुम्ही ते करपलेपण बघून आणखी पाणी घालत होता. अँथुरियमच्या ज्या दोन कुंड्या गेल्या त्या तहानेने गेल्या नाहीत. मी त्या उपटून पाहिल्या, मुळं काळी पडून हाताला बुळबुळीत लागत होती. दुपारी पान मान टाकतं ते ऊन उतरलं की आपोआप उठतं. माती ओली असेल तर त्याला तसंच राहू द्या. बोट दोन पेरं आत घालून बघायचं, कोरडं लागलं तरच पाणी. लहानपणी हेच तुम्ही मला शिकवलं होतं, माझं बोट धरून.

अंजनगाव सुर्जीचा पानमळा आठवतो का? विद्यापीठातल्या तुमच्या सोबत्याने बोलावलं होतं आणि एसटीत मी आईच्या मांडीवर भाजून निघत होते. मळ्याच्या आत पाय ठेवला आणि एकदम गार. बाहेर वैशाख आणि आत हिरवा उजेड, ओल्या मातीचा वास, डोक्यावर शेवरी आणि हादग्याची पानं. नागवेल आणि पानपिंपरी त्या आडोशात चढलेली. तुम्ही खाली वाकून माझा तळहात मातीवर टेकवलात आणि म्हणालात, "हे बघ, आपल्या घरामागे असं असतं." मी ते घर तोवर पाहिलंही नव्हतं. पानपिंपरी, नागवेल आणि आपली मिरवेल एकाच कुळातल्या, हेही तिथेच कळलं. ते बारी लोक पिढ्यान् पिढ्या वऱ्हाडाच्या उन्हात ही वेल जगवतात, पण उघड्यावर कधी नाही. आधी सावली उभी करतात, मग वेल लावतात. मी अंगणात जे केलंय ते त्याचीच लहानशी नक्कल आहे.

पूर्वेच्या अंगणात, न्हाणीघराच्या भिंतीपासून फाटकापर्यंत, हिरवी जाळी लावली आहे. अर्धं ऊन अडवणारी. अँथुरियम आणि नेचे ठेवलेत त्या कोपऱ्यात तिच्यावर आणखी एक पदर टाकलाय, कारण त्यांना चौथाई उजेड पुरतो. जाळी मुद्दाम उंच बांधली आहे, खाली हवा खेळली पाहिजे. आई, तुझ्या कपड्यांच्या दोरीला धक्का लावलेला नाही. पश्चिमेच्या बाजूने खाली सोडलेला पडदा गुंडाळून ठेवू नका, चारचं तिरपं ऊन सगळ्यात वाईट. कुंड्या भिंतीपासून हातभर लांब आणि विटांवर ठेवल्या आहेत. भिंत रात्री दहापर्यंत धग सोडत असते आणि शहाबादी फरशीही तशीच. त्या आवरून परत भिंतीला टेकवू नका. तिरप्या दिसतात, दिसू देत.

बाबा, तुमची वेताची खुर्ची मी तिथेच ठेवली आहे, अबोलीच्या बाजूला. तिथून फाटकही दिसतं आणि पेपरवाला पेपर हातातच देईल. ओटीवरच्या बोर्डावरून वायर घेऊन एक पंखा लावलाय. सकाळी साडेसहापासून आठपर्यंत ती जागा एकदम छान असते. चहा तिथे घ्या, झाडांशी बोला, पिवळी पानं काढा, सगळं करा. फक्त जिना नको. तुमच्याकडून झाडं काढून घेतलेली नाहीत, खाली आणली आहेत. वर जे राहिलंय ते राहू शकणारं आहे: अडेनियम, कोरफड, बोगनवेल, निवडुंग. त्यांना हा उन्हाळा मानवतो. दूधवाल्याचा मुलगा सकाळी दूध घालून वर जाईल आणि पाणी घालेल. त्याच्याशी पैशांचं मी बोलले आहे, तुम्ही वेगळे देऊ नका. चहा मात्र द्या.

आता पाण्याचं. हे नीट वाचा, कारण निम्मं नुकसान यातच झालंय. आपलं बोअर मचूळ आहे, शेवटी पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा आहे हा. कुंडीच्या काठावर जो पांढरा थर धरतो तो क्षार आहे. जास्वंद, कर्दळ ते सोसतात, नेचा आणि अँथुरियम सोसत नाहीत. त्यांना फक्त नळाचं, काटेपूर्णेचं पाणी. नळ रोज येत नाही म्हणून ओट्याखाली झाकणाचा ड्रम ठेवलाय, त्यातलं पाणी दुसरं कशाला वापरू नका. आई, पाणी शुद्ध करायच्या मशीनमधून जे वाया जातं ते तू साठवून झाडांना घालतेस, जीव तुटतो तुझा पाणी वाया जाताना, मला माहीत आहे. पण त्यात क्षार आणखी वाढलेले असतात. त्याने ओटी पूस, संडासात वापर. कूलरच्या टाकीत उरलेलं पाणीही झाडांना नको, उडून उडून तेही खारटच झालेलं असतं.

पाईप लावला तर पहिलं पाणी बादलीत सोडायचं. उन्हात पडलेल्या पाईपमधलं पाणी हाताला चटका देतं, मुळांना काय देत असेल! पाणी सकाळी सातच्या आत. संध्याकाळी वाटलं तर नेच्यांच्या भोवतीची वाळू भिजवा. नेच्याची कुंडी मी मोठ्या मातीच्या कुंडीत बसवली आहे आणि मध्ये वाळू भरली आहे, ती ओली राहिली की आतलं मूळ गार राहतं. मातीवर नारळाची सोडणं पसरली आहेत, ती कचरा समजून झाडलोट करणाऱ्या बाईंनी उचलू नयेत, एवढं सांग आई. खत नको, शेंगदाण्याची ढेप नको, शेण नको, कुंडी बदलणं नको, छाटणी नको. झाड सध्या नुसतं जगतंय, त्याला वाढायला लावू नका. जे द्यायचं ते मृगानंतर. पानाखाली बारीक जाळं आणि पिवळे ठिपके दिसले तर तो लाल कोळी, कोरड्या हवेत तो फार माजतो. औषध आणायला बाजारात जाऊ नका, पान उलटून साध्या पाण्याने धुवा, दोन-तीन दिवसांआड.

कूलरचं मात्र मी हात जोडून सांगते. टाकी भरताना बटण बंद करायचं आणि पिनसुद्धा काढायची. दोन्ही. लोखंडी कूलर आहे, खाली ओली फरशी आहे आणि दर उन्हाळ्यात आपल्याकडे शॉक लागून माणसं गेल्याची बातमी येतेच. वायरमनकडून अर्थिंग तपासून घेतलंय, तरीही. टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासायची, कुंड्यांखालच्या थाळ्याही, नाहीतर डासांची अंडी. नवीन वाळ्याच्या ताट्या लावल्या आहेत. पहिल्या दिवशी पाणी सुटलं आणि घरभर तो वास पसरला तेव्हा मला एकदम आठवलं, लहानपणी सुट्टीत गच्चीवर पाणी शिंपडून आपण गाद्या घालायचो, मी तुमच्या दोघांच्या मध्ये, आणि आई, तू ओल्या पदराने माझं कपाळ पुसायचीस. शाळेत जाताना खिशात कांदा घालायचीस. त्या कांद्याच्या वासाची मला लाज वाटायची. आता ओवीच्या दप्तरात ठेवावासा वाटतो, ठाण्यात लू नसली तरी.

एक गोष्ट राहिली आहे आणि ती लिहायला मला जड जातंय. मिरवेल मी बरोबर आणली आहे.

बाबा, रागावू नका. तिचे वरचे दोन शेंडे वाळून काडी झाले होते. खालून एक कोंब आला होता, तांदळाच्या दाण्याएवढा. तो तिथे टिकला नसता, जाळीखालीसुद्धा. आजीच्या हातची वेल आहे, तिचं काही झालं असतं तर तुम्ही बोलला नसता, पण जेवला नसता. विदर्भ एक्सप्रेसमध्ये ती रात्रभर माझ्या पायाशी होती, ओल्या गोणपाटात. इथे आमच्या मागच्या बाल्कनीत थेट ऊन येत नाही आणि खाडीकडची दमट हवा आहे, आम्हाला चिकचिक होते तीच तिला हवी आहे. कोंब तसाच हिरवा आहे. तो उलगडला की फोटो पाठवीन. ती तुमचीच आहे. पाऊस नीट बसला, जूनच्या शेवटी म्हणा, की मीच घेऊन येते. तिच्यासाठी फाटकाजवळच्या शेवग्याचं खोड मी धरून ठेवलंय, तिथे दुसरं काही लावू नका. तोवर नागवेल तुमच्याकडे आहे, तिलाही तेवढंच लक्ष लागतं.

तुम्ही दोघांनी इकडे यावं असं मला वाटतं, ते या वेळी मी म्हणत नाही. तुम्हाला तुमचं घर, तुमची माणसं, तुमचं पाणी हवं. मला ते कळतं. फक्त तिथे नीट राहा.

आई, फ्रिजमध्ये पन्ह्याचा गर काढून ठेवलाय, वरच्या कप्प्यात. बाबांच्या पेल्यात मीठ चिमूटभरच. त्यांना दर तासाला पाणी विचारू नकोस, ते चिडतात. पेला भरून खुर्चीशेजारच्या स्टुलावर ठेव, वाचता वाचता पितात ते. तुझ्या गुडघ्याचं तेल देव्हाऱ्याखालच्या खणात आहे. तुळशीला तू खाली बसून पाणी घालतेस, तर मी वृंदावनाशी पाट ठेवलाय. अनंताला कळ्या आहेत, त्या गळल्या तर वाईट वाटून घेऊ नकोस, उन्हाळ्यात गळतात, झाडाला काही होत नाही. आणि बाबांना चक्कर आली, घाम थांबला, बोलणं अडखळलं, काहीही झालं तरी मला नंतर सांगू नकोस. आधी १०८ ला फोन, मग मला. रात्री तीन वाजले तरी.

बाबांच्या रक्ताचा रिपोर्ट गुरुवारी मिळेल. दूधवाल्याच्या मुलाला आणायला सांगितलाय, तो फोटो काढून मला पाठवेल. सोडियम किती आलं ते बघून मी डॉक्टरांशी बोलते आणि मग तुम्हाला कळवते.

तुमची,
मनू