दुखणं अंगावर काढू नको

चि. संकेत,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर "सगळं ठीक आहे" एवढंच म्हणालास आणि लगेच आईला द्यायला सांगितलंस. काल विजूची आई दळणाला आली होती. तिच्याकडून कळलं की तू दौडीत मागे राहतोयस आणि उजवा पाय टाकताना तोंड वाकडं होतं. विजूवर रागावू नको, त्यानं काळजीपोटी सांगितलं. तुझ्या आईला मी अजून बोललो नाही.

नडगीवर बोटानं दाबत खाली ये. सगळीच नडगी ठणकत असेल तर रगड्यानं पाय भरून आले असतील. पण एकाच जागी कळ येत असेल, उडी मारली की वाढत असेल, तर हाडाला बारीक चीर असू शकते. आपली मराठा लाइट इन्फन्ट्री, चाल जलद. ड्रिलला टाचा आपटायच्या, बूट घालून पळायचं, तेही अंगाला सवय नसताना. रंगरुटांची हाडं तिथंच दगा देतात. पहिल्या एक्स-रेत ती चीर पुष्कळदा दिसत नाही. तेव्हा एक्स-रे चांगला आला तरी दुखायचं थांबलं नाही तर परत एमआय रूमच्या डॉक्टरकडं जायचं. गोळी खाऊन दौडीला तर मुळीच उभं राहायचं नाही.

बघ, उस्तादासारखा बोलायला लागलो. राग मानू नको. खरं तर घरचं लिहायला बसलो होतो. आडसालीच्या लागणीसाठी सऱ्या सोडून झाल्या. आज्जीचे गुडघे तसेच आहेत. आक्का पंचमीला येणार म्हणते.

बेळगावला सेंटरवर माझ्या शेजारच्या खाटेवर कोकणातला एक पोरगा होता. पळायला आमच्यात सगळ्यात पुढं. दुखतंय हे कुणाला कळू नये म्हणून पहाटे अंधारात नडगीला फडकं करकचून बांधायचा आणि वरून मोजे चढवायचा. मी बघायचो. एके दिवशी नऊ फुटी खड्ड्यावरून उडी मारली आणि पलीकडे जो पडला तो उठेना. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकलाय, संकेत. काही आठवड्यांच्या आरामानं भागलं असतं, तिथं त्याचे कितीतरी महिने गेले. पुढं मागच्या बॅचबरोबर त्यानं कसम घेतली आणि चांगली नोकरीही केली. पण आवाज माझ्या कानातून जात नाही.

तुझ्या मनात काय चाललंय ते मला कळतं. आम्ही भरती झालो की निदान पंधरा वर्षांची चिंता मिटायची. तुम्हा अग्निवीरांना चार वर्षं, आणि त्यातले कायम होणार 25 टक्क्यांपर्यंतच. दुखतंय म्हणून सिक रिपोर्ट केलं तर नावापुढं खूण होईल, मागच्या बॅचला टाकतील, हीच भीती ना? टाकू देत. मोडक्या पायाला त्या 25 टक्क्यांत कोण घेणार?

कॅनॉलच्या रस्त्यावर आपण चुन्यानं 1.6 किलोमीटरच्या खुणा केल्या होत्या. पहिल्यांदा साडेपाच मिनिटांच्या आत आलास, त्या दिवशी शेवटच्या खुणेपाशी ओकलास आणि तोंड पुसून विचारलंस, "अप्पा, किती?" आकडा सांगताना माझा आवाज फुटत नव्हता. तुला वाटलं, वेळ चुकली. ती वेळ मी मागच्या वर्षीच्या कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे. कॅलेंडर अजून काढू दिलं नाही मी.

कसम परेडला आई-बापाच्या छातीवर गौरव पदक लावतात. तुझी आई आतापासून लुगडं कुठलं नेसायचं ते ठरवतेय. ते पदक मागच्या बॅचबरोबर मिळालं तरी आम्हाला चालेल. सोमवारी पहिलं काम एमआय रूम. डॉक्टर जे म्हणतील ते जसंच्या तसं मला सांग, कमी करून नको.

तुझे,
अप्पा

ता. क. आज्जीनं दिलेलं तेल पाठीला लाव. नडगी चोळू नको, कुणाकडून चोळूनही घेऊ नको.